फळ धुतलं, पण औषध गेलं का?

आमच्याकडून फळं नेणारे हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात. फवारलेलं बुरशीनाशक औषध फळावर नेमकं कुठे बसलंय, त्यावर उत्तर ठरतं.

मॅन्कोझेब, कॅप्टन ही बुरशीनाशकं स्पर्शजन्य. ती सालीवरच राहतात, देठाजवळच्या खळग्यात साचतात आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली की त्यांचा बराच भाग निघून जातो. साबण मात्र लावू नका, तो सालीच्या छिद्रांत शिरतो. आणि द्राक्षावरची पांढुरकी लव म्हणजे औषध नव्हे! ते फळाचं स्वतःचं मेण. ती बघून चांगला घड परत करणारेही भेटतात.

कार्बेन्डाझिम, टेब्युकोनाझोल ही आंतरप्रवाही औषधं. ती आत मुरतात, तिथे पाणी पोचत नाही. थायाबेंडाझोल तर साठवणीत फळ कुजू नये म्हणून काढणीनंतरही लावतात. अमेरिकेत सफरचंदांवर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा, त्यात १२ मिनिटं फळ बुडवलं, तर ८० टक्के थायाबेंडाझोल निघालं. उरलेलं सालीत मुरलेलं होतं, ते साल काढल्याशिवाय जात नाही. सालीबरोबर तंतुमय भागही जातो, तेव्हा रोज सोलाच असं आम्ही म्हणणार नाही.

संत्रं-लिंबूवर्गीय फळांना मेणातून इमॅझॅलिल लावलेलं असू शकतं. ते मुख्यतः सालीत असतं, म्हणून साल किसून वापरायची असेल तर काढणीनंतर औषध न लावलेलं फळ मागून घ्या. सोलून खायचं फळही आधी धुवा, कारण सालीवरचं हाताला आणि सुरीला लागतं.

आता धोक्याचं. एखाद्या फळाने विषबाधा होईल ही भीती सोडा. काळजी आहे ती वर्षानुवर्षं थोडंथोडं पोटात जाण्याची. मॅन्कोझेबपासून तयार होणारं इथिलीन थायोयुरिया थायरॉइडवर परिणाम करतं. गरोदर स्त्रियांसाठी हे महत्त्वाचं, आणि मुलं वजनाच्या मानाने फळं जास्त खातात. युरोपीय संघाने २०२० मध्ये मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला. ‘शिजवलं की औषध मरतं’ हेही इथे लागू नाही, उष्णतेने हे थायोयुरिया उलट वाढतं.

दुसरा धोका ताटातला नाही, शेतातला आहे. पिकावर मारतात ती ट्रायझोल गटातली औषधं (वरचं टेब्युकोनाझोल त्यातलंच) आणि माणसाच्या बुरशीजन्य आजारावरची काही औषधं एकाच कुळातली. शेतात त्यांना सरावलेली ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी फुप्फुसात गेली की दवाखान्यातलं औषधही लागू पडेनासं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये माणसाला धोकादायक बुरशींच्या यादीत तिला सर्वाधिक गंभीर गटात टाकलं.

म्हणून डागळलेलं, बिनफवारणीचं फळ आपोआप चांगलं असंही नाही. सफरचंदावरची निळी बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. कुजकं फळ टाकूनच द्या.

आमच्याकडे तपासणी अहवाल मागितलात तर मिळेल. त्यातली ‘एमआरएल’ म्हणजे औषध शिफारशीप्रमाणे मारलं तर फळात जास्तीत जास्त किती अंश उरावा, तो आकडा. तो ओलांडला की फवारणीचा नियम मोडला, हे नक्की. तब्येतीला धोका किती, ते वेगळं मोजावं लागतं. शिवाय मर्यादा प्रत्येक औषधाची वेगळी असते. एकाच फळावर चार औषधं मर्यादेत सापडली, तर चारही मिळून काय करतात ते या आकड्यात येत नाही. आणि ‘बीएलक्यू’ लिहिलेलं दिसलं तर अंश शून्य समजू नका, यंत्राला खात्रीने मोजता येईल त्याच्या खाली आहे एवढंच.