अपमानाची चाहूल आणि शरीराची झीज

वंचित गटांतली माणसे जास्त आजारी का पडतात, असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात: गरिबी, व्यसने, आळस. गरिबीचे उत्तर खरे, पण अपुरे. आर्लिन जेरोनिमस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, दाह अशा मोजमापांवरून शरीराची झीज काढली. गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची झीज गरीब गोऱ्या स्त्रियांपेक्षाही जास्त निघाली.

का, ते समजायला कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे चक्र पाहायला हवे. मला ते विलक्षण देखणे वाटते. धोका जाणवला, मग तो अपमानाचा का असेना, की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला संदेश धाडतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तात साखर वाढते, दाह दबतो. मग हेच कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोहोचून हायपोथॅलॅमसला थांबवते. स्वतःला बंद करणारा खटका स्वतःच दाबणारे संप्रेरक! मात्र हे चक्र वर्षानुवर्षे सारखे चालू राहिले, तर पेशींमधले कॉर्टिसॉलचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश टिपणारे रेणू, बोथट होऊ शकतात. मग कॉर्टिसॉल असूनही दाह आवरत नाही, आणि सकाळी चढून रात्री उतरणारी त्याची लय सपाट होत जाते. ब्रूस मॅक्इवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साचत्या झिजेची कल्पना मांडली. तिला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ म्हणतात.

शरीरात असा ताण उठायला प्रत्यक्ष अपमान व्हावाच लागतो असे नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थिनींना, समोरची गोरी व्यक्ती पूर्वग्रहदूषित आहे असे आधी कळल्यावर, बोलणे सुरू होण्यापूर्वीच त्यांचा रक्तदाब जास्त चढला. इलान मायर यांनी समलैंगिकांबाबत २००३ मध्ये हेच मांडले: भेदभावाबरोबरच त्याची धास्ती आणि ओळख लपवण्याचे ओझेही माणसाला आजारी पाडते.

‘कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या’ गोळ्या विकणारे आणि ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणारे, दोघेही आजाराचे मूळ त्या एकट्या माणसातच शोधतात. मार्क हॅट्झेनब्युलर यांचा २०१० चा अभ्यास वेगळीकडे बोट दाखवतो. अमेरिकेतल्या ज्या राज्यांनी २००४-०५ च्या निवडणुकांत समलिंगी विवाहावर घटनात्मक बंदी घातली, तिथल्या समलैंगिक आणि उभयलैंगिक व्यक्तींमध्ये नैराश्यासारख्या मनोविकारांचे प्रमाण ३६.६ टक्क्यांनी वाढले. बंदी नसलेल्या राज्यांत तशी वाढ दिसली नाही.