टायमिंग चेन वाजतेय? इंजिन उघडायच्या आधी एवढं वाचा

गाडी स्टँडला लावली की गिऱ्हाईक पहिलं वाक्य ठरलेलं बोलतं, "इंजिन वाजतंय बे, बघ की जरा". आता इंजिनात वाजणारे दहा जण बसलेत, त्यातली एक टायमिंग चेन, आणि तिच्या नावावर लोकांचे फुकट पैसे जातात म्हणून हा कागद छापलाय.

मागच्या चाकाची चेन वेगळी, ही आतली. क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा खालचा शाफ्ट, दोन फेरे फिरला की वरचा कॅम, म्हणजे झडपा उघडणारा शाफ्ट, एक फेरा फिरतो, हे गणित ही बारकी चेन सांभाळते आणि त्यावरच वॉल, म्हणजे त्या झडपा, कधी उघडायचे न् कधी मिटायचे ते ठरतं. लोक म्हणतात चेन ताणली, पण लोखंड काय रबरासारखं ताणत नाही, तिच्या पिना झिजतात, एका कडीत केसभर, पण कड्या भरपूर म्हणून एकूण लांबी वाढते. ती ढील खायला एक वाकडी पट्टी चेनला टेकून असते, आणि त्या पट्टीला मागून दाबून धरणारा तो टेन्शनर.

स्प्लेंडर, शाईन, पल्सर सगळ्यांना ही चेन आहे. अॅक्टिवाला पण आहे, तिचा बेल्ट चाक फिरवायला, कॅमला चेनच. आरएक्स हंड्रेडवाल्यांनी हा कागद घडी घालून खिशात ठेवा, टू स्ट्रोकला कॅमच नाही. साडेतीनशेच्या जुन्या बुलेटला पुशरॉड, तिथं पण चेन नाही, 2020 ला रॉयल एनफिल्डची मीटिअर आली तेव्हा त्यांच्या साडेतीनशेत चेन आली. इतकंच काय, बर्फावर पळवायच्या स्नोमोबाईलचं इंजिन फोर स्ट्रोक असेल तर त्यात पण हीच भानगड. तिथं थंडीनं ऑइल घट्ट होतं, आपल्याकडं मे महिन्यात पातळ, एवढाच फरक. सोलापुरात बर्फ म्हणजे गोळ्याचा, असो.

आवाज ओळखायचा कसा, तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनला आणि मूठ कानाच्या हाडाला. हेड कव्हरवर एकसुरी टिकटिक आली, शिवणयंत्रासारखी, तर ते टॅपेट, म्हणजे वॉलजवळची फट वाढलेली. सिलेंडरच्या ज्या अंगाला चेन आहे तिथं सकाळी पहिल्या स्टार्टला खळखळ आली, किंवा रेस सोडल्यावर इंजिनाचा वेग उतरताना खरखर झाली, तर चेनचा संशय. पॉवरलूमवर पाळी करणारे आमचे काही गिऱ्हाईक आहेत, दिवसभर खटखट ऐकून बारीक आवाज त्यांना कळत नाही, पण लय चुकली की सगळ्यात आधी तेच सांगतात.

मग आधी ऑइल बघा. खरंच. काही टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर दाबतात, ऑइल खाली गेलं किंवा काळं पाणी झालं की चेन वाजणारच, आणि पिना झिजतात त्या पण ऑइलमुळंच. टेन्शनर म्हणजे आवाज बंद करायचा स्क्रू नाही.

जुन्या काही गाड्यांत हातानं सेट करायचा टेन्शनर येतो, लॉक नट सैल करायचा, ढील काढायची, परत आवळायचा. इंजिन थंड पाहिजे, मॅग्नेटची टी खूण, म्हणजे पिस्टन पार वर आल्याची खूण, जुळवायची, दोन्ही वॉल मोकळे पाहिजेत. जास्त आवळला तर आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण चेन कुंईकुंई करत पट्टी खाते आणि त्याचा भुगा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो. स्प्रिंगमागं वॉशर घालायचा जुगाड पण असाच, आमच्याकडं मागू नका.

आता बहुतेक गाड्यांत ऑटोमॅटिक आहे, म्हणजे सेटिंग असं नाहीच. टेन्शनरचा मागचा छोटा बोल्ट काढून बारीक स्क्रूड्रायव्हरनं आतला स्क्रू फिरवला की पट्टीला दाबणारा दांडा आत जातो, तसा धरूनच टेन्शनर काढायचा, नवीन पॅकिंगसकट बसवायचा, मग सोडायचा, टक् असा आवाज येतो. बाहेर आलेला दांडा तसाच रेटून बोल्ट आवळले तर चेन तंग होऊन मरते. आणि टेन्शनर बाहेर असताना किक मारायची नाही. मी शिकाऊ असताना सवयीनं मारली होती, चेननं दात सोडले, वॉल वाकला, उस्तादांनी आठवडाभर मला फक्त चहा आणायला ठेवलं.

काढलेला टेन्शनर आम्ही तुमच्या हातात देतो, तुम्हीच बघा. दांडा बोटानं दाबला आणि सरळ आत गेला तर टेन्शनर गेला, तो बदला. घट्ट आहे, आणि इंजिनात बसलेला असताना थोडाच बाहेर होता, तर तो चांगला, आवाज दुसरीकडं शोधायचा. घट्ट आहे पण इंजिनातच शेवटपर्यंत बाहेर आला होता, तर चेन संपली, तिथं नवा टेन्शनर घालून उपयोग नाही, चेन आणि पट्ट्या दोन्ही बदलाव्या लागतात.

शक्यतो गाडी आदल्या रात्रीच लावून जा. होटगी रोडवरनं तापवून आणली की खळखळ निम्मी गायब होते आणि मग आम्ही म्हणतो वाजत नाही, तुम्ही म्हणता वाजत होती. सकाळचा पहिला स्टार्ट तुमच्यासमोर मारू. काढलेला माल पिशवीत घालून परत मिळेल, तो मागून घ्या.