टेकू वेगळा, पकड वेगळी

वाळूजच्या शेडमध्ये जा, नाहीतर उदगीरच्या रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात. छोट्या बेंच ड्रिलवर, म्हणजे टेबलवाल्या भोक पाडायच्या मशीनवर, लांब लोखंडी पट्टी चढली की पलीकडच्या टोकाखाली स्टूल, स्टुलावर दोन विटा आणि पोऱ्याला हुकूम, "धर घट्ट." टेकू दिला म्हणजे माल धरला गेला, ही समजूत फार पक्की बसली आहे. बिट (भोक पाडणारी टोकं) मोडतात, बोटं चेचतात, तरी पुढच्या वेळी वाढते ती विटांची संख्या.

टेकूचं काम सगळ्यांना कळतं. ७५ बाय १० मिमीची पट्टी मीटरला जवळपास ६ किलो भरते. ३ मीटरची पट्टी घेऊन टोकाला भोक पाडायचं तर १८ किलोतलं बहुतेक वजन बाहेर लटकतं. छोट्या मशीनचं टेबल मागच्या एका कॉलमवर, म्हणजे उभ्या खांबावर, आवळलेलं असतं. ते झुकतं, भोक तिरकं जातं, कधी मशीनच कलंडतं. टेकू हे वजन घेतो. बस्स.

पकड लागते ती दुसऱ्याच जोरासाठी. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं आणि माल सोबत ओढू पाहतं. भोक चालू असताना आपला दाब खाली असतो, म्हणून माल बसून राहतो आणि हाताने धरलेलं चालून जातं. त्यावर भरवसा बसतो आणि घात होतो तो शेवटच्या दोन मिलिमीटरला. टोक खालून बाहेर निघालं की बिटाला होणारा विरोध एकदम सुटतो, उरलेल्या पातळ कडेत धार रुतते आणि बिटाचा पीळ स्क्रूसारखा वागू लागतो. पट्टी पिळावरून वर चढते. आतापर्यंत खाली असलेला जोर वर फिरला. खालून लावलेलं स्टूल तिथे काय करणार?

लांब जड पट्टी अशा वेळी सहसा गरगरत नाही. बिट मोडतं किंवा चकमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या जबड्यात, घसरतं. तिच्या वजनाने वाचवलं, आपण नाव टेकूचं घेतो. मग तीच सवय फूटभर पत्र्यावर चालवली की पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. पत्रा कायम दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबूनच भोक पाडावं. पायलटही, म्हणजे मोठ्या भोकाआधी पाडायचं छोटं भोक, लहान ठेवा: १२ मिमीच्या भोकाला ४ मिमी पुरे. ८ चा पायलट करून १२ घातला तर बिट जास्त खेचतं.

उलटा घोळही होतो. दोन सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे शिकंजे) कचकून आवळायचे आणि पट्टीचं शेपूट, म्हणजे बाहेरचं लांब टोक, लटकतं ठेवायचं. क्लॅम्पने पट्टी टेबलाला बांधली, वजन मात्र टेबलावरच राहिलं. टेबल आता पट्टीसकट वाकतं.

म्हणून आधी टेकू, मग पकड. टेबलाची उंची पक्की करा, मालाखाली १८-२० मिमीची सपाट फळी घाला आणि त्यानंतरच शेपटाखाली घोडी, म्हणजे टेकूचा स्टँड, लावा. घोडी उंच झाली तर पट्टी भोकाजवळ उचलते, बुटकी राहिली तर शेपूट झुकतं. क्लॅम्प न लावता भोकाच्या जागी बोटाने दाबून पाहा. पट्टी खाली जाऊन 'खट' वाजली तर फट आहे. विटा, पाचरी ठोकत बसू नका: घोडीच्या पाइपाच्या तोंडाला एम-१६ चा (१६ मिमी बोल्टाचा) नट वेल्ड करा, त्यात बोल्ट फिरवून उंची जुळवा. एका फेऱ्याला २ मिमी, पाव फेऱ्याला अर्धा मिमी. असाच एक आखूड जॅक टेबलाच्या पुढच्या कडेखाली, मशीनच्या बेसवर उभा केला तर टेबलही झुकत नाही.

रोलरची घोडी ड्रिलला नको म्हणजे नकोच. ती करवतीवर सरकणाऱ्या मालासाठी आहे. इथे माल सरकायलाच नको. घोडीच्या माथ्यावर सपाट लाकूड बसवा.

क्लॅम्प भोकाच्या जितका जवळ बसेल तितका बरा, आणि दोन हवेत. एकाच क्लॅम्पभोवती माल फिरू शकतो. त्यावर अडसर कॉलमचा: लांब शेपूट डाव्या अंगाने मागे न्या आणि पट्टी कॉलमच्या डाव्या बाजूला टेकवा. बिटाने ओढली तर ती कॉलमवरच दाबली जाते. शेपूट उजवीकडे ठेवलं तर ते तुमच्या पोटाकडे येतं. मृगाच्या तोंडावर पेरणी यंत्रांच्या दांड्यांची घाई असते तेव्हा हेच आधी विसरलं जातं. हातमोजे घालून ड्रिलवर उभं राहणं तर बंदच करा. धागा बिटात अडकला की हात सुटत नाही.

भोक झालं की बिट वर, मशीन बंद, मग क्लॅम्प ढिला. घोडी तोवर जागची हलवायची नाही. ती पट्टी टेबलावरून उतरल्यावरच काढायची.