जेलन हॉटडॉगफिंगर्स

जेलन हॉटडॉगफिंगर्स ही ब्लेसबॉल नावाच्या ऑनलाइन गेममधली सिअ‍ॅटल गॅरेजेस टीमची पिचर, म्हणजे बॅटरकडे बॉल फेकणारी, आणि या गेमचं नाव काढलं की बहुतेकांना सगळ्यात आधी हीच आठवते. ब्लेसबॉल लॉस एंजेलिसच्या द गेम बँड या छोट्या स्टुडिओने जुलै २०२० मध्ये सुरू केला, म्हणजे लॉकडाऊनमध्ये सगळे घरात अडकलेले तेव्हा. यात स्वतः खेळायचं काहीच नाही, ब्राउझरमध्ये बेसबॉलची मॅच एकेक ओळ करत पुढे सरकायची, आपण खोट्या नाण्यांची पैज लावायची आणि रविवारी नियम बदलायला मत द्यायचं. दर तासाला मॅच, टीममागे ९९ मॅचेसचा अख्खा सीझन एका आठवड्यात संपायचा. प्लेयर्सची नावं रँडम, म्हणून हे असलं आडनाव.

पहिल्या सीझननंतर फॅन्सनी मत देऊन निषिद्ध ग्रंथ उघडला. उघडू नका म्हटलेलं पुस्तक उघडणारच ना लोक! शिक्षा लगेच मिळाली, गेममधल्या मोआबच्या वाळवंटात नरकाचं तोंड उघडलं आणि अंपायरने जेलनला जाळून टाकलं. ब्लेसबॉलमध्ये जळून मेलेली ही पहिली प्लेयर, आणि पुढे सूर्यग्रहणाच्या (हे गेममधलं एक हवामान) मॅचमध्ये अंपायरने कुणालाही जाळणं हा नेहमीचाच धोका झाला. तिच्या जागी माइक टाउनसेंड आला, बिचाऱ्याची कायम तिच्याशी तुलना.

खरी गोष्ट पुढे आहे. गेममध्ये प्रत्येक फॅनला एक आवडता प्लेयर निवडता यायचा आणि त्यावरून सगळ्यात लाडक्या प्लेयर्सची यादी लागायची. सहाव्या सीझनच्या मतदानात एक वरदान होतं, ते जिंकणाऱ्या टीमला यादीतला १४ व्या नंबरचा प्लेयर मिळणार. मेलेल्या प्लेयरलाही आवडता म्हणून निवडता येतं हे कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि मग वेगवेगळ्या टीम्सच्या फॅन्सनी मिळून जेलनला बरोब्बर १४ व्या नंबरवर आणून ठेवलं. पहिल्या नंबरवर चढवणं सोपं, १४ वर टिकवणं महाकठीण, कारण बाकीचेही वरखाली होत असतात, म्हणजे शेवटपर्यंत मतं इकडून तिकडे हलवत बसायचं. जमलं त्यांना! वरदान गॅरेजेसना मिळालं, जेलन जिवंत होऊन त्यांच्याकडे परत आली आणि माइक टाउनसेंडला टीमच्या ‘सावल्यांमध्ये’, म्हणजे खेळाबाहेर, जावं लागलं.

पण फुकट काही मिळत नाही. सातव्या सीझनमध्ये तिच्या नावापुढे ‘ऋण’ असा शिक्का दिसला, आणि मॅच चालू असताना स्क्रीनवर ओळ यायची की जेलनचा बॉल अमक्या बॅटरला लागला, तो आता अस्थिर आहे. अस्थिर म्हणजे ग्रहणात जळायची शक्यता खूप जास्त, आणि तो जळला की ती अस्थिरता समोरच्या टीममधल्या कुणाकडे तरी उडी मारायची. त्या सीझनमध्ये यातून खरंच प्लेयर्स जळाले, आणि ते कुणाचे तरी लाडके होतेच की! जिला परत आणायला सगळे एकत्र आले तिच्याच बॉलची सगळ्यांना धास्ती.

डेव्हलपर्सनी तिचं रूप, स्वभाव, आधीचं आयुष्य यातलं काही लिहिलं नव्हतं, आकडे आणि मॅचच्या ओळी एवढंच. ती दिसते कशी, मरून परत आल्याचं तिला काय वाटतं, बॉल लागलेल्यांबद्दल अपराधी वाटतं का, हे सगळं फॅन्सनी चित्रांतून, गोष्टींतून रचलं, द गॅरेजेस नावाच्या फॅन्सच्या बँडने तर गाणीही केली. बरेच जण तिला ‘ती’ म्हणतात म्हणून इथेही तसंच लिहिलंय, पण दोन फॅन्सची जेलन एकसारखी असेलच असं नाही आणि त्यात कुणी चुकीचं नाही. मला हेच फार ग्रेट वाटतं, एका रँडम नावाला हजारो लोकांनी मिळून आयुष्य दिलं आणि तिच्या ऋणाचा भारही स्वतः वाहिला. खर्च परवडेना म्हणून जून २०२३ मध्ये ब्लेसबॉल कायमचं बंद झालं.