पूर्वग्रह आणि अभिवृत्ती

एखाद्या व्यक्तीची पारख तिच्या गुणांवरून न करता, ती ज्या गटातली आहे त्या गटाविषयी आधीच ठरवून टाकलेल्या मतावरून करणे म्हणजे पूर्वग्रह होय. तो अनुकूलही असू शकतो. परंतु सामाजिक मानसशास्त्रात ही संज्ञा मुख्यतः प्रतिकूल ग्रहासाठी वापरली जाते. पूर्वग्रह मनात असतो आणि भेदभाव कृतीत दिसतो. एकावरून दुसऱ्याचा अंदाज मात्र नेहमी बांधता येत नाही.

पूर्वग्रहाची घडण कळण्यासाठी समजूत, मूल्य आणि अभिवृत्ती यांची फोड करावी लागते. ‘अमुक गटातले लोक आळशी असतात’ ही समजूत झाली. कष्टाला मोल दिले पाहिजे, हे मूल्य झाले. या दोहोंच्या मेळातून त्या गटाकडे पाहण्याचा जो नावडीचा कल तयार होतो, ती अभिवृत्ती. असा कल बाळगणाऱ्याला आपण कोणावर अन्याय करीत आहोत असे वाटतच नाही, उलट आपण एका चांगल्या मूल्याची बाजू घेत आहोत अशीच त्याची धारणा असते. पूर्वग्रह इतका चिवट का, याचे बरेचसे उत्तर येथे सापडते. त्या गटातला कष्टाळू माणूस भेटला तरी तो अपवाद म्हणून बाजूला काढला जातो आणि मूळ समजूत शाबूत राहते. मूल्यांचा आपापसांतला झगडाही महत्त्वाचा असतो. अमेरिकेतील वर्णभेदाचा अभ्यास करताना गुन्नार मिर्डाल यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले, की समतेवरील निष्ठा आणि रोजचे पक्षपाती वर्तन एकाच समाजात, किंबहुना एकाच माणसाच्या मनात, सुखेनैव नांदू शकत नाहीत. त्यांतून सततचा ताण निर्माण होतो.

अभिवृत्ती आणि वर्तन यांतील अंतर रिचर्ड लापिएर यांच्या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ठळक केले. एका चिनी दांपत्यासोबत त्यांनी अमेरिकेत दूरवर प्रवास केला. वाटेतील २५१ हॉटेले आणि उपाहारगृहांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्याच ठिकाणांना ‘चिनी पाहुणे घ्याल का?’ असे पत्राने विचारले असता, उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटले. या अभ्यासावरचे आक्षेप रास्तच आहेत: पत्राला उत्तर देणारा आणि दारात स्वागत करणारा एकच असेल असे नाही, शिवाय दांपत्यासोबत स्वतः लापिएर हे गोरे प्राध्यापक होते. तरीही, गटाविषयीचे मत आणि समोर उभ्या असलेल्या माणसाशी वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून ठसते.

पूर्वग्रहाला जुने वैर लागतेच असे नाही. हेन्री ताजफेल आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या प्रयोगांत शाळकरी मुलांना, क्ले आणि कांडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे त्यांना आवडतात यानुसार गट पाडल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात वाटणी यदृच्छेने केलेली होती. पैसे वाटताना मुलांनी स्वतःच्या गटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या गटापेक्षा आपण वरचढ राहावे म्हणून आपल्याच गटाचा जास्तीचा लाभ सोडण्याकडेही त्यांचा कल दिसला.

पूर्वग्रह ओसरण्यासाठी गॉर्डन आल्पोर्ट यांनी १९५४ मध्ये गटागटांतील संपर्काचा उपाय मांडला आणि त्यासाठी समान दर्जा, सामायिक उद्दिष्ट, सहकार्य व संस्थात्मक पाठबळ या अटी घातल्या. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या अटी पूर्ण नसतानाही संपर्काने पूर्वग्रह सहसा घटतो असे आढळले. त्यांच्या पुढील विश्लेषणानुसार, परक्या गटाविषयीची माहिती वाढल्याने पडणारा फरक अल्प असतो. धास्ती कमी होणे आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिता येणे यांनी तो अधिक पडतो. केवळ माहिती देऊन विविधतेची समज वाढवू पाहणारे उपक्रम अनेकदा तोकडे पडतात, ते बहुधा यामुळेच. संपर्काचा हा परिणाम बहुसंख्याकांच्या अभिवृत्तीवर जितका दिसतो, तितका अल्पसंख्याकांच्या अभिवृत्तीवर दिसत नाही.