डिपस्टिकवरचं काळं तेल आणि चेंबरमधला गाळ

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहा. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातल्या तेलाची पातळी बघायची पट्टी, ओढली जाते, फडक्यावर पुसली जाते, तेल काळंकुट्ट दिसतं आणि कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘ऑइल जळालं.’ मग बदलायला अजून पुष्कळ अवकाश असलेलं तेलही ओतून दिलं जातं. याच्या उलटही होतं. डिपस्टिकवर तेल ठीकठाक दिसतंय म्हणून मालक निर्धास्त असतो, आणि पंधरा-वीस वर्षं पळालेल्या त्याच ट्रकचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, उघडलं की आत बोटाने खरवडता येईल असा चिकट थर बसलेला असतो. डिझेल इंजिनाच्या तेलाचा रंग बघून गाळाचं निदान करणं हा बहुधा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे.

डिझेल जळताना काजळी होतेच. तिचे मूळ कण मीटरच्या अब्जांश भागात मोजावे लागतात, साधारण वीस ते पन्नास नॅनोमीटर. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटणाऱ्या वायूंबरोबर ते खाली तेलात उतरतात. तेलात ‘डिस्पर्संट’ नावाची रसायनं मिसळलेली असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक काजळीला धरतं, दुसरी लांब शेपटी तेलात मिसळून राहते, त्यामुळे दोन कण एकमेकांना चिकटत नाहीत. नवं तेल भरल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं ते यामुळेच. घाण तेलात तरंगते आहे, म्हणजे तेल कामावर आहे. चिंता करायची ती घाण तेलातून उतरून कुठेतरी बसायला लागली की. डिस्पर्संट खर्ची पडतं, कण एकत्र येतात, गुठळ्या होतात आणि त्या जिथे तेलाचा वेग कमी तिथे थांबतात: चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा तळ, टॅपेट कव्हरचे कोपरे, तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी.

काजळी एकटी मात्र गाळ करत नाही. तिला सोबत लागते पाण्याची किंवा जास्तीच्या उष्णतेची.

पाण्याचा हिशेब ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. एक लिटर डिझेल जळलं की त्यातल्या हायड्रोजनपासून साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरवाटे जातं, थोडं रिंगांमधून खाली येतं. इंजिन नीट तापलेलं असेल तर ही वाफ ब्रीदर पाईपमधून बाहेर पडते. पण मार्केट यार्डातून माल उचलून पेठांपर्यंत जायचं, उतरवायचा, परत यायचं, मध्ये तासभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं, अशा गाडीचं तेल धड तापतच नाही. कव्हरच्या थंड पत्र्यावर वाफेचं पाणी होतं, ते काजळी आणि आम्लांसकट तेलात घोटलं जातं आणि गाळ जमतो. पावसाळ्यात चिखलाने ब्रीदरचं तोंड बुजलेलं असेल तर विचारायलाच नको.

यात आपल्या मिस्त्री मंडळींची एक जुनी सवय भर घालते. गाडी गरम होते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायचा, ‘व्हॉल्व्ह काढला, आता गरम होणार नाही.’ गरम होत नाही हे खरंच, पण हवी तितकीही होत नाही. डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे असं इंजिन कितीतरी किलोमीटर गारच पळतं. रेडिएटरची नळी किंवा पाण्याचा पंप तपासायचं सोडून केलेला हा उपाय पुढे गाळाच्या रूपाने वसूल होतो.

दुसरी सोबत उष्णतेची. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यातून आम्लं बनतात, मग लांब, जड, चिकट रेणू. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. झिजलेल्या लोखंडाचे आणि तांब्याचे बारीक कण तिला आणखी पळवतात. ओव्हरलोड घेऊन उन्हाळ्यात रोज घाट चढणाऱ्या गाडीत गाळ होतो तो या वाटेने: काळा, कडक, काही ठिकाणी भाजून बसलेला. गारठ्यातला गाळ मऊ असतो आणि त्यात पाण्याचा अंश सापडतो. कव्हर उघडल्यावर हा फरक हाताला कळतो, आणि गाडी कसं आयुष्य जगली तेही.

डिझेलमधल्या गंधकापासून होणारं आम्ल हा पूर्वीचा मोठा गुन्हेगार. तो आता बराच वठणीवर आला आहे. ‘बीएस’ म्हणजे भारत स्टेज, सरकारी प्रदूषण-मानकाचे टप्पे. बीएस-३ डिझेलात गंधक ३५० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ३५० भाग, चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आणि एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमची मर्यादा आहे. झिजलेल्या रिंगांतून खाली येणारी काजळी आणि वाफ मात्र इंधनाच्या नियमाने थांबत नाही.

आता निदान. सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करावी, आणि सर्वांत बोलकी गोष्ट डॅशबोर्डवरच असते: ऑइल प्रेशरचा काटा. प्रेशर कमी दिसलं की ‘बेअरिंगं गेली, इंजिन काम निघालं’ असं सांगण्याची घाई होते. पण प्रेशर कधी पडतं, हे विचारायला हवं. बेअरिंग झिजलेली असतील तर गरम इंजिन मंद चालताना काटा खाली जातो आणि ॲक्सिलरेटर दाबला की वर येतो. जाळी गाळाने बुजली असेल तर गंमत उलटी असते. निघताना काटा व्यवस्थित. शिरवळ मागे पडतं, खंबाटकीच्या चढाला इंजिन बराच वेळ जोरात फिरतं आणि काटा उतरायला लागतो. गाडी बाजूला घेऊन बंद केली, थोडा दम घेऊ दिला, की पुन्हा सगळं ठीक. शहाळ्याच्या नळीत मलईचा तुकडा अडकतो तेव्हा हेच होतं: जितकं जोरात ओढाल तितका तो घट्ट बसतो, ओढणं थांबवलं की सुटतो. प्रेशर असं ये-जा करत असेल तर बेअरिंगची ऑर्डर देण्याआधी चेंबर खोलावं. अर्थात त्याहीआधी सेन्सरच्या जागी साधं मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर बघावं, कारण जुन्या गाडीतली वायर आणि सेन्सर दोघंही खोटं बोलतात. आणि काटा पडलेला असताना ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही. तेलाचा पापुद्रा तुटला की बेअरिंग खराब व्हायला काही मिनिटं पुरतात.

मग तेलाचा एक थेंब. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात फिल्टर पेपर मिळतो. इंजिन गरम असताना डिपस्टिकवरून एक थेंब त्यावर सोडायचा, खालून कागद कशालाही टेकणार नाही असा आडवा ठेवायचा आणि काही तास विसरून जायचं. काजळी मध्यापासून कडेपर्यंत सारखी, करडी पसरली तर तेल कितीही काळं असो, डिस्पर्संट जिवंत आहे. मधोमध काळा ठिपका, त्याला रेखीव कड आणि बाहेर नुसत्या तेलाचं वलय असेल तर तेलाने घाण वाहून नेणं सोडलं आहे. ही चाचणी जुनी आणि स्वस्त आहे, तरीही गॅरेजात क्वचितच दिसते याचं मला राहून राहून नवल वाटतं.

पाण्याचा संशय असेल तर तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. डोळ्यांवर चष्मा हवा आणि हे काम उघड्यावर करावं. पण हे पाणी वाफेचं की रेडिएटरचं? गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा ड्रेन प्लग जरासा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचलेलं असेल तर आधी तेच येतं. धार लागावी इतकं पाणी आलं, रेडिएटरची पातळी उतरत असली आणि डिपस्टिकवरची पातळी चढत असली, तर हेड गास्केट, ऑइल कूलर किंवा लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या) खालच्या रबरी रिंगा बघाव्या लागतात. नुसता फिलर कॅपखाली, म्हणजे तेल भरायच्या झाकणाखाली, पिवळट पांढरा थर असेल आणि बाकी पातळ्या जागच्या जागी असतील, तर एक लांब फेरी मारून तो जातो का ते आधी पाहावं. लॅबमध्ये नमुना पाठवला तर कूलंट घातलेल्या गाडीच्या तेलात सोडियम किंवा पोटॅशियम सापडतं, धूळ जात असेल तर सिलिकॉन. रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी घालणाऱ्यांना पहिल्या खुणेचा फारसा उपयोग नाही.

गाळ सापडला की रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन फिरवण्याचा मोह होतो. जुन्या, खूप गाळ साचलेल्या इंजिनात मी तरी हे करू देणार नाही, इंजिन धुवायचं बाटलीतलं ‘फ्लश’ही नाही. तेल पातळ होतं, बेअरिंगवरचा पापुद्रा विरतो, आणि कोपऱ्यात निमूट बसलेले गोळे सुटून थेट जाळीवर येतात. चेंबर उतरवून जाळी हाताने धुवावी, टॅपेट कव्हर खरवडावं, ब्रीदर मोकळा करावा, थर्मोस्टॅट परत बसवावा, आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं तेल नेहमीच्या निम्म्या किलोमीटरवर, नव्या फिल्टरसकट, दोन-तीनदा बदलावं. उरलेला गाळ नव्या तेलातलं डिस्पर्संट हळूहळू उचलतं.

दर वेळी उतरवलेला फिल्टर फेकण्याआधी कापून कागदाच्या घड्या उलगडायच्या. काळा लगदा दर वेळी कमी होत गेला पाहिजे. चमकणारे कण दिसले तर त्यावर लोहचुंबक फिरवायचं. चिकटले तर ते लोखंडाचे, रिंगा-लायनर किंवा टॅपेटकडचे. न चिकटणारे, तांबूस किंवा करडे कण बऱ्याच संख्येने आले, तर मात्र मिस्त्रीचं म्हणणं बरोबर निघालं: बेअरिंग उघडायलाच हवीत.