रंगफवारणी कक्ष, तात्पुरता
रंगफवारणी कक्ष, तात्पुरता : घरगुती कामशाळेत स्प्रे गनने किंवा एरोसोलच्या डब्याने रंग, लॅकर अथवा व्हार्निश मारताना उडणारा रंग आणि थिनरची वाफ एका जागी आवरून बाहेर काढण्यासाठी, तसेच ओल्या थरावर धूळ बसू नये म्हणून कामापुरता उभारलेला आडोसा. कारखान्यातील कायम कक्षाला पत्र्याच्या भिंती, अग्निशमन व्यवस्था आणि स्फोटरोधक विद्युत् उपकरणे असतात. यात त्यांपैकी काहीच नसते. सांगाडा, पडदा, हवा आत येण्याची वाट, गाळणी (फिल्टर) आणि पंखा एवढेच त्याचे घटक. वस्तू लहान असेल तर टेबलावर ठेवलेले पुठ्ठ्याचे मोठे खोके आणि त्याच्या मागच्या बाजूला गाळणी व पंखा एवढ्यावर भागते. खुर्ची, कपाटाची दारे, सायकलची चौकट यांसाठी पीव्हीसी पाइपच्या सांगाड्यावर प्लास्टिकचा कागद ताणतात. बिजागऱ्यांनी जोडलेले तीन घडीचे फलक हा तिसरा प्रकार. तो टिकाऊ असतो, पण वर छत नसल्याने त्यात हवेला नीट दिशा मिळत नाही.

फवारणीचा उगम : दाबाखालच्या हवेने रंग उडवण्याची कल्पना प्रथम कोणी वापरली याबद्दल एकमत नाही. चित्रकाराच्या एअरब्रशचा पूर्वज म्हणून अमेरिकेतील ॲबनर पीलर यांच्या उपकरणाचा उल्लेख केला जातो. त्याचा काळ १८७६ ते १८७९ च्या दरम्यान धरतात. मात्र ते रंगछटा भरण्याचे साधन होते, भिंत किंवा लाकूड रंगवण्याचे नव्हे. मोठ्या पृष्ठभागावरील फवारणीचे श्रेय दोघांना दिले जाते. शिकागोतील मार्शल फील्ड या दुकानाच्या देखभालीचे काम पाहणारे जोसेफ बिंक्स यांनी तळघराच्या भिंतींना चुना मारण्यासाठी हाताने दाब देण्याचे यंत्र तयार केले. हे साधारणतः १८८७ ते १८९० या काळातले. दुसरे नाव चित्रकार फ्रान्सिस डेव्हिस मिलेट यांचे. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात इमारती वेळेत पांढऱ्या करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि तेथे दाबाच्या हवेवर चालणारी फवारणी वापरली गेली. बिंक्स यांचेच यंत्र त्या प्रदर्शनात वापरले गेले, असेही काही लेखक सांगतात. दोन्ही कथा बऱ्याच अंशी नंतरच्या सांगण्यावर उभ्या आहेत. बिंक्स यांचे काम आधीचे आणि मिलेट यांचे मोठ्या प्रमाणावरचे, असे मानणे त्यातल्या त्यात सुरक्षित.

हातात धरण्याच्या आजच्या स्प्रे गनचे मूळ मात्र तिसरीकडेच आहे. ओहायो राज्यातील टोलेडो येथील डॉक्टर ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८७-८८ च्या सुमारास रुग्णाच्या घशात औषध फवारण्याचे साधन बनवले. त्यांचे पुत्र टॉमस यांनी पुढे १९०७ च्या आसपास तेच तत्त्व रंगासाठी वापरले. म्हणजे चुन्याच्या पंपापासून गनपर्यंत सरळ रेषा ओढणे बरोबर नाही. बारीक थेंब पाडण्याची युक्ती दवाखान्यातून आली.

फवारणीसाठी वेगळी बंदिस्त जागा लागावी अशी निकड निर्माण झाली ती मुख्यतः नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे. ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ लॅकर १९२३ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आले. तेलरंगाचे थर वाळायला आठवडे लागत, तेथे काम तासांवर आले. हे लॅकर इतके झटपट वाळते की ब्रशचा दुसरा हात फिरेपर्यंत पहिला चिकट झालेला असतो. त्यामुळे फवारणीशिवाय गत्यंतर उरले नाही. त्यातच त्याचे द्रावक अत्यंत ज्वालाग्राही आणि वाळलेली भुकटीही पेट घेणारी. बंद कक्ष आणि हवा ओढून घेणारे पंखे हे या जोडगोळीचे फलित होय. घरी काम करणाऱ्या हौशी कारागिरापर्यंत फवारणी पोहोचली ती त्यानंतर. १९४९ मध्ये एडवर्ड सीमोर यांनी एरोसोलच्या डब्यात ॲल्युमिनियम रंग भरला. १९८० च्या दशकापासून जास्त हवा व कमी दाबाच्या, म्हणजे एचव्हीएलपी गन प्रचारात आल्या आणि छोट्या टर्बाइनवर घरीच काम करणे शक्य झाले.

उडणारा रंग : जुन्या पद्धतीच्या जास्त दाबाच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी साधारण एकचतुर्थांश ते एकतृतीयांश भागच वस्तूवर बसतो, बाकीचा हवेत जातो. एचव्हीएलपी गनमध्ये टोपीपाशी, म्हणजे गनच्या तोंडाशी, हवेचा दाब ०.७ बारच्या आत ठेवतात. तिच्याकडून ६५ टक्के किंवा अधिक रंग वस्तूवर बसण्याची अपेक्षा असते. घरगुती कक्षाच्या दृष्टीने हा फरक पंख्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण जो रंग उडालाच नाही तो पकडावा लागत नाही. गन वस्तूपासून १५ ते २० सेंमी.वर, काटकोनात आणि सरळ रेषेत फिरवली की उरलेले नुकसानही कमी होते. मनगट वळवून कमानीसारखा फवारा मारण्याची सवय असेल, तर टोकांना रंग कोरडा पडतो आणि गाळणी मात्र भरते.

हवेचा हिशेब : हाताने फवारणी करण्याच्या कक्षात तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला १०० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.५ मी. असावा, असा अमेरिकी औद्योगिक नियमांतील रूढ आकडा आहे. २ मी. रुंद आणि २ मी. उंच कक्षात हा वेग मिळवायचा तर सेकंदाला २ घ. मी., ताशी ७,२०० घ. मी. हवा हलवावी लागेल. ३ मी. लांब, ३ मी. रुंद आणि २.३ मी. उंच खोलीत जवळपास २१ घ. मी. हवा असते, ती साडेदहा सेकंदांत संपेल. तेवढी हवा दाराखिडक्यांतून आत येत नाही, पंखा नुसताच घरघरतो आणि प्लास्टिकच्या भिंती आत ओढल्या जातात. याउलट वस्तू ५० सेंमी. बाजूच्या चौकोनी गाळणीच्या अगदी पुढ्यात ठेवली, तर तोच वेग ताशी ४५० घ. मी. एवढ्यावर मिळतो. म्हणून माणूस आत उभा राहील एवढा मोठा कक्ष बांधण्यापेक्षा लहान तोंडाचा कक्ष आणि वस्तू ठेवण्याचे फिरते पाटले ही रचना घरासाठी अधिक सरस ठरते; मोठा कक्ष दिसायला पटतो, पण तो प्रामुख्याने धूळ अडवतो.

वाफ : गाळणी थेंब पकडते, वाफ नव्हे. हा भेद वगळून केलेली वर्णने पुष्कळ आढळतात. गाळणीतून गेलेली हवा ‘स्वच्छ’ समजून परत खोलीत सोडणाऱ्या रचना त्यातूनच निघाल्या. टोल्युइन या थिनरमधील द्रावकाचे उदाहरण बोलके आहे. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडाले की सुमारे २३० लिटर वाफ होते. टोल्युइनची हवेतील किमान स्फोटमर्यादा (ज्या प्रमाणापासून वाफ पेट घेऊ शकते ते) १.१ टक्का, म्हणजे वर सांगितलेली २१ घ. मी.ची खोली पेट घेण्याच्या उंबरठ्यावर आणायला एक लिटर पुरते. प्रत्यक्षात वाफ सारखी पसरत नाही. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठते, आणि म्हणून पाणी तापवण्याच्या गॅसयंत्राची ज्योत शेजारच्या खोलीत असली तरी धोका टळत नाही. सर्वसाधारण दंडक असा, की वाफेचे प्रमाण स्फोटमर्यादेच्या चौथ्या भागावर जाऊ देऊ नये.

श्वासाची मर्यादा याहून कितीतरी कडक आहे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने टोल्युइनसाठी आठ तासांची सरासरी दशलक्ष भागांत २० भाग अशी सुचवली आहे. स्फोटमर्यादेचा चौथा भाग दशलक्षात २,७५० येतो. ताशी ४५० घ. मी. हवेत २० भागांची मर्यादा पाळायची तर मिनिटाला १ मिली.पेक्षाही कमी टोल्युइन उडायला हवे, आणि गन तर मिनिटाला १०० मिली. किंवा अधिक रंग टाकते. याचा अर्थ पंख्याने वाफ विरळ करून श्वासायोग्य होत नाही. पंख्याचे काम ती नाकापुढून दूर, घराबाहेर नेणे एवढेच. म्हणून हवा नेहमी पाठीमागून येऊन वस्तूवरून पुढे गाळणीत जावी, रंगवणारा वस्तू आणि गाळणी यांच्यामध्ये कधीच येऊ नये, आणि तोंडावर सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क असावा. साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कने वाफ अडत नाही.

पाण्यात मिसळणाऱ्या रंगांनी आगीचा प्रश्न बराच सुटतो. थेंबांचा सुटत नाही. एरोसोलच्या डब्यावर ‘पाण्याचा रंग’ लिहिलेले असले तरी त्यातील दाबवायू प्रोपेन, ब्युटेन किंवा डायमिथिल ईथर असू शकतो आणि हे तिन्ही ज्वालाग्राही आहेत. हार्डनर मिसळून वापरायच्या दोन भागांच्या पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट हे श्वसनाला घातक रसायन असते. त्याने होणारा दमा एकदा जडला की अत्यल्प संपर्कानेही उसळतो, आणि त्याचा वास धोक्याची सूचना देण्याइतका आधी येत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसताना असा रंग तात्पुरत्या कक्षात फवारणे समर्थनीय नाही.

पंख्याची जागा : येथे दोन पक्ष आहेत. एक पक्ष पंखा मागे लावून हवा ओढतो. कक्षात दाब किंचित कमी राहतो आणि गळती झाली तरी ती आतल्या दिशेने होते. दुसरा पंखा पुढे, स्वच्छ बाजूस ठेवून गाळलेली हवा आत ढकलतो. धूळ येत नाही आणि मोटर वाफेच्या वाटेत नसते. मोटारगाड्यांच्या कक्षांत किंचित जास्त दाब ठेवण्याची प्रथा आहे, तिचा आधार हा पक्ष घेतो. उघड्या पडवीत किंवा वेगळ्या शेडमध्ये त्यांचे म्हणणे ग्राह्य आहे. घराला लागून असलेल्या खोलीत मात्र वाढलेला दाब वाफ थेट घरात ढकलतो, म्हणून तेथे ओढणारा पंखाच इष्ट.

ओढणाऱ्या पंख्यावरचा आक्षेप ठिणगीचा आहे. कार्बन ब्रश असलेल्या मोटरमध्ये ठिणग्या सतत पडतात, ती सर्वथा वर्ज्य. घरगुती टेबल पंख्याच्या प्रेरण (इंडक्शन) मोटरमध्ये ब्रश नसतात, पण तिचे बटण, सैल वायर आणि तापलेली गुंडाळी उरतेच. मोटर हवेच्या वाटेबाहेर ठेवून पट्ट्याने पाते फिरवणे किंवा मोटर बाहेर असलेला ब्लोअर वापरणे हा अधिक बरा मार्ग. पंखा दुसऱ्या ठिकाणच्या बटणाने गन उचलण्यापूर्वी चालू करावा आणि काम संपल्यावरही, थर वाळत असताना, चालू ठेवावा. गन खाली ठेवल्यानंतरही वाफ निघत राहते.

उभारणी : २५ मिमी. पीव्हीसी पाइप, कोपऱ्यांना तीन तोंडांचे जोड आणि ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा पॉलिथिन कागद पुरतो. जोड सोल्युशनने न चिकटवता नुसते दाबून बसवले की सांगाडा मोडून ठेवता येतो. कागद चिमट्यांनी बाहेरून लावतात, म्हणजे ओढ बसली की तो पाइपवर टेकतो. कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर विद्युत् साठते आणि धूळ खेचली जाते. प्लास्टिक विद्युत्‌रोधक असल्याने त्याला अर्थिंगची तार जोडून उपयोग होत नाही. धातूची वस्तू असेल तर तिला अर्थिंग द्यावे आणि जमिनीवर पाणी शिंपडावे. मात्र दमट दिवशी लॅकर पांढरट पडते, त्या दिवशी पाण्याचा हात आखडता घ्यावा.

हवा आत येण्याच्या झरोक्यावर गाळणी हवी आणि तिचे क्षेत्रफळ बाहेर जाणाऱ्या गाळणीच्या निदान दुप्पट असावे. मागे काचतंतूंची, आत जावे तशी दाट होत जाणारी पेंट गाळणी उत्तम. घड्यांची बारीक गाळणी धूळ छान पकडते पण ओल्या रंगाने लवकर बुजते. गाळणीच्या वरच्या कडेला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवून ठेवतात. ती गाळणीला चिकटून राहिली तर ओढ ठीक, लोंबू लागली की गाळणी बदलायची. दिवे कक्षाच्या बाहेर, पारदर्शक कागदाआडून, एका बाजूने तिरपे लावतात. ओल्या थराची कड आणि ओघळ समोरच्या उजेडात दिसत नाहीत.

मोडणी : कागद गुंडाळताना वाळलेली भुकटी आतल्या बाजूस राहील असे पाहावे. नायट्रोसेल्युलोजची भुकटी आणि जवसाचे तेल असलेल्या रंगाची भुकटी एकाच गाळणीत साचू देऊ नये; एक सहज पेटते, दुसरी वाळताना स्वतःच तापते. अशी गाळणी आणि तेलाच्या चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवतात.